एक्झामिन्ड लाइफ : माहितीपट आणि त्यावर नागपूरकर प्रेक्षकांचं म्हणणं

एक्झामिन्ड लाइफ हा २००८ सालचा माहितीपट, दिग्दर्शिका ॲस्ट्रा टेलर. आजच्या काळातले आठ तत्त्वज्ञ यात स्टुडिओत खुर्चीवर न बसता रस्त्यावर, बागेत, विमानतळावर फिरत फिरत बोलतात. नाव सॉक्रेटिसवरून घेतलंय, "न तपासलेलं आयुष्य जगण्याच्या लायकीचं नाही" असं तो कोर्टात म्हणाला होता ते प्लेटोने लिहून ठेवलंय. पीटर सिंगर न्यूयॉर्कच्या महागड्या दुकानांसमोरून चालतो, मार्था नसबॉम शिकागोच्या तळ्याकाठी, मायकेल हार्ट सेंट्रल पार्कात नाव वल्हवतो, कॉर्नेल वेस्ट कारच्या मागच्या सीटवर, आणि स्लावोय झिझेक चक्क कचऱ्याच्या ढिगात.

सगळीकडे पहिली तक्रार वेळेची असते, ती इथेही होतेच. दीड तासाच्या आत आठ जण, म्हणजे माणशी दहा मिनिटं, त्यात काय तत्त्वज्ञान सांगणार बाप्पा! धरमपेठेत ओळखीच्यांच्या हॉलमधे आम्ही दहा-बारा जणांनी मिळून पाहिला तेव्हा एका रिटायर्ड प्रोफेसर काकांनी हेच म्हटलं, की हा तर नुसता ट्रेलर झाला, पुस्तक वाचल्याशिवाय काही कळत नाही. मला ते अर्धंच पटतं. युक्तिवाद पूर्ण होत नाही हे खरंय, पण चालता चालता विचार करणं आपल्याकडे काही नवीन नाही, बुद्धाची चारिका म्हणजे गावोगावची पायी भटकंती होती, विहारातलं चंक्रमण म्हणजे चालत केलेलं ध्यान आहे, दीक्षाभूमीच्या या गावात ते वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

दीक्षाभूमीवरूनच दुसरा आक्षेप आला आणि तो जास्त वजनदार आहे. आठांपैकी बहुतेक सगळे अमेरिकेतल्या युनिव्हर्सिट्यांमधे शिकवणारे, भारतातला एकही नाही. एका तरुण वकिलाने विचारलं की अमेरिकन तत्त्वज्ञ जॉन ड्यूईच्या परंपरेवर पुस्तक लिहिणारा कॉर्नेल वेस्ट यात आहे, मग त्याच ड्यूईकडे न्यूयॉर्कच्या कोलंबिया युनिव्हर्सिटीत शिकून आलेल्या बाबासाहेबांनी १९५६ साली इथे लाखो लोकांसोबत जे केलं ते तपासलेलं आयुष्य नाही तर काय? बाबासाहेब हयात नाहीत म्हणून ते "आजचे" तत्त्वज्ञ नाहीत, हे मान्य. पण त्या परंपरेतलं आज बोलणारं कोणी दिसलं नाही ही उणीव मलाही जाणवली.

सिंगरचा भाग सगळ्यांना लगेच भिडला. त्याचा युक्तिवाद १९७२ च्या निबंधातला, पूर्व बंगालच्या निर्वासितांची उपासमार समोर ठेवून लिहिलेला. तळ्यात लहान पोर बुडताना दिसलं तर महागाचे बूट खराब होतील म्हणून तुम्ही थांबणार नाही, मग लांबच्या देशातलं पोर मरत असताना त्याच बुटांवर पैसे का घालवता? अंबाझरी लेआउटमधे राहणाऱ्या एक ताई म्हणाल्या की २३ सप्टेंबर २०२३ ला पहाटे पाणी घरात शिरलं तेव्हा कोणी कोणाला नाव विचारलं नाही, बाजूच्यांनी आजीला खांद्यावर घेऊन बाहेर काढलं. पण त्याच आठवड्यात दुसऱ्या राज्यात पूर आला असता तर मी टीव्ही बदलला असता, हेही त्याच बोलल्या. त्यानंतर बराच वेळ कोणी बोललं नाही.

झिझेक म्हणतो की निसर्ग म्हणजे काहीतरी पवित्र, समतोल असं मानणं सोडा, कचऱ्यावर प्रेम करायला शिका. भांडेवाडीच्या डम्पिंग यार्डजवळ वाढलेला एक मुलगा यावर जाम चिडला. उन्हाळ्यात ढिगाऱ्याला आग लागली की दारं-खिडक्या बंद करून बसावं लागतं, "तो तं शूटिंग करून घरी गेला, आम्ही तिथंच राहून राहिलो." माझ्या मते झिझेकचा मुद्दा बरोबर आहे आणि या मुलाचा राग त्याहून बरोबर आहे. कचरा डोळ्याआड गेला की संपला असं शहर समजतं, हेच तर झिझेकही सांगतो, फक्त डोळ्याआड कोणाचं घर आहे ते सांगत नाही.

सगळ्यात जास्त बोलणं झालं ते आठांपैकीच एक ज्युडिथ बटलर आणि तिच्यासोबतच्या सुनौरा टेलर यांच्या भागावर. सुनौरा दिग्दर्शिकेची बहीण, व्हीलचेअर वापरते. दोघी सॅन फ्रान्सिस्कोत फिरायला निघतात, सुनौरा त्याला "वॉक" म्हणते. कॉफी शॉपमधे कप तोंडाने उचलणं तिला जमतं, पण लोक बघतील म्हणून ते करताना दहा वेळा विचार करावा लागतो हे ती सांगते. पुढे दोघी जुन्या कपड्यांच्या दुकानात जाऊन स्वेटर घेतात. बाकी सगळे बोलतात आणि आपण ऐकतो, इथे मात्र दोघी एकमेकींना विचारतात, म्हणून हा भाग मला पूर्ण फिल्ममधे सर्वात चांगला वाटतो.

आमच्यात पोलिओमुळे पायाला कॅलिपर (आधाराची पट्टी) घालणाऱ्या एक मॅडम होत्या, तोवर गप्प होत्या. त्या म्हणाल्या, बर्डीवरच्या, म्हणजे सीताबर्डीच्या बाजारातल्या दुकानांना तीन-तीन पायऱ्या, मी खाली थांबते, माझ्यासोबतचं माणूस वर जाऊन चार रंग आणून दाखवतं, त्यातला एक मी घेते. हिवाळ्यात तिबेटी लोकांचा स्वेटर बाजार लागतो तिथे पायरी नसते, म्हणून वर्षातून एकदा तिथे जाते आणि सगळे स्वेटर हात लावून बघते.