पराभव मान्य करणं वेगळं, सत्ता सोडणं वेगळं: नायजेरिया २०१५

नायजेरियाच्या लोकशाहीचा विषय निघाला की एक वाक्य हमखास कानावर येतं: ‘२०१५ मध्ये गुडलक जोनाथन यांनी एक फोन केला आणि सत्ता सोडली.’ लेखांत, भाषणांत, चर्चांत हेच फिरत राहतं. ऐकायला छान वाटतं, पण त्यात दोन निरनिराळ्या गोष्टी एकत्र कालवल्या आहेत. निवडणुकीत मागे पडलेले राष्ट्राध्यक्ष जोनाथन यांनी प्रतिस्पर्धी मुहम्मदू बुहारी यांना पराभव मान्य करणारा, अभिनंदनाचा फोन केला तो ३१ मार्च २०१५ ला. सत्ता गेली २९ मे २०१५ ला. या दोन तारखांमध्ये जवळजवळ दोन महिने आहेत आणि त्या काळात जोनाथनच राष्ट्राध्यक्ष होते, नावापुरते नव्हे तर पूर्ण अधिकारानिशी. फोनने सत्ता गेली नाही. मग फोनने काय झालं, हा खरा प्रश्न आहे. सगळे घोळ घालतात तेही इथेच.

आपल्या मनात हा गोंधळ कुठून येतो ते उघड आहे. आपल्याकडे हरलेले पंतप्रधान राजीनामा देतात. १३ मे २००४ ला निकाल लागले आणि वाजपेयींनी त्याच दिवशी राजीनामा दिला. राष्ट्रपतींनी तो स्वीकारायचा, नवं सरकार येईपर्यंत काळजीवाहू म्हणून थांबायला सांगायचं, हे सगळं आपल्याला पाठ आहे, त्यामुळे त्यावर जास्त बोलत नाही. आपल्याकडे हार कबूल करणं आणि खुर्ची सोडणं या दोन गोष्टी एकाच पत्रात उरकतात, म्हणून त्या एकच आहेत असं वाटू लागतं.

नायजेरियात तसं पत्रच नसतं. राष्ट्राध्यक्षाची मुदत शपथेपासून चार वर्षांची. निवडणूक जिंको वा हरो, मुदत संपेपर्यंत तोच राष्ट्राध्यक्ष, आणि ‘काळजीवाहू’ हा प्रकारच नाही. हरल्याचं कबूल केल्यानंतर तीन आठवड्यांनी, एप्रिलमध्ये, जोनाथन यांनी देशाचे पोलीसप्रमुख सुलेमान आब्बा यांना पदावरून दूर केलं आणि सॉलोमन आरासे यांना त्या जागी आणलं. स्त्रियांवरच्या आणि घरातल्या हिंसाचाराला आळा घालणाऱ्या, मुलींच्या जननेंद्रियांच्या छेदनावर बंदी आणणाऱ्या महत्त्वाच्या कायद्यावर त्यांची सही मे २०१५ मधली आहे, जायला काही दिवस उरले असतानाची. सत्ता सोडलेला माणूस हे करू शकत नाही.

आता कायद्याच्या बाजूने त्या फोनकडे पाहू. निकाल जाहीर करण्याचा अधिकार राष्ट्रीय निवडणूक आयोगाच्या अध्यक्षांचा. २०१५ मध्ये त्या पदावर प्राध्यापक अट्टाहिरू जेगा होते. नुसती सर्वांत जास्त मतं मिळून भागत नाही. छत्तीस राज्यं आणि राजधानी प्रदेश यांच्यापैकी किमान दोन तृतीयांश ठिकाणी किमान चौथा हिस्सा मतं लागतात. ही बेरीज राजधानी अबुजात, दूरचित्रवाणीच्या कॅमेऱ्यांसमोर, राज्य एकामागून एक वाचून चालली होती. जोनाथन यांनी बुहारींना फोन केला तो ३१ मार्चच्या संध्याकाळी, साधारण सव्वापाचला. काही राज्यांचे आकडे तेव्हा वाचायचे बाकी होते. जेगांनी अंतिम निकाल जाहीर केला मध्यरात्र उलटून गेल्यावर: मुहम्मदू बुहारी १,५४,२४,९२१ आणि जोनाथन १,२८,५३,१६२. म्हणजे जोनाथन हरल्याचं मान्य करत होते तेव्हा कायद्याच्या दृष्टीने ते हरलेलेच नव्हते. आणि त्यांनी फोन केला नसता तरी जेगांच्या कागदावरचा एकही आकडा बदलला नसता.

दुसरी बाजूही तशीच. निकालाला आव्हान द्यायला राज्यघटनेने २१ दिवस दिले आहेत, त्यावर निवाडा १८० दिवसांत, अपील ६० दिवसांत. फोन केला म्हणून हा हक्क कोणत्याही कायद्याने जात नव्हता. जोनाथन न्यायालयात गेले नाहीत, हा त्यांचा निर्णय. फोनने त्यांचे हात बांधले होते असं लिहिलेलं दिसलं की मला राहवत नाही. फोन कोणाचेही हात बांधत नाही.

याचा पुरावा हवा असेल तर गांबिया पाहा. तिथे १ डिसेंबर २०१६ ला मतदान झालं. बावीस वर्षं सत्तेवर असलेले याह्या जामे हरले. दुसऱ्या दिवशी त्यांनी कॅमेऱ्यासमोर, हसत हसत, आडामा बॅरो यांना फोन लावला, अभिनंदन केलं आणि पराभव मान्य असल्याचं सांगितलं. जगभर कौतुक झालं, जोनाथन यांची आठवण काढली गेली. आठवडाभरातच, ९ डिसेंबरला, हेच जामे दूरचित्रवाणीवर आले आणि निकाल आपल्याला मान्य नाही म्हणाले. दिलेला शब्द परत घेतला, आणि तो परत घेण्यापासून त्यांना रोखणारं कोणतंही कलम अस्तित्वात नव्हतं. बॅरोंना १९ जानेवारी २०१७ ला शपथ घ्यावी लागली ती स्वतःच्या देशात नव्हे, तर सेनेगलची राजधानी डाकारमधल्या गांबियाच्या दूतावासात. पश्चिम आफ्रिकेतल्या शेजारी देशांच्या फौजा सरहद्दीवर आणि मग सरहद्दीच्या आत आल्या, तेव्हा कुठे २१ जानेवारीला जामे देश सोडून गेले. त्यांची समजूत घालायला गेलेल्या राष्ट्राध्यक्षांत बुहारी होते. जोनाथन यांचा फोन ज्यांनी घेतला होता तेच बुहारी.

राजीनामा दिला आणि स्वीकारला गेला की तो मागे घेता येत नाही. पराभवाची कबुली मागे घेता येते. अमेरिकेच्या अध्यक्षपदाचे उमेदवार अल गोर यांनीही २००० साली प्रतिस्पर्धी बुशना केलेला फोन त्याच रात्री मागे घेतला होता. राजीनामा कायद्याने खुर्ची रिकामी करतो. कबुली कायद्याने काहीच करत नाही. या दोन गोष्टींत एवढं अंतर आहे.

इथपर्यंत आलेले काही जण लगेच दुसऱ्या टोकाला जातात: म्हणजे तो फोन निव्वळ शिष्टाचार होता तर. ही चूक पहिलीपेक्षा मोठी आहे, आणि तीही तितक्याच ठिकाणी वाचायला मिळते.

त्या दिवसाची परिस्थिती समजून घ्या. मतदान मुळात १४ फेब्रुवारीला व्हायचं होतं. बोको हराम या सशस्त्र अतिरेकी संघटनेविरुद्धच्या मोहिमेचं कारण सांगून ते ऐन आठवडाभर आधी सहा आठवडे पुढे ढकललं गेलं, त्यामुळे संशय आधीच पसरला होता. मतदान २८ मार्चला झालं आणि बोटांचे ठसे वाचणारी नवी यंत्रं इतक्या ठिकाणी अडली की काही भागांत ते दुसऱ्या दिवशीही चाललं. खुद्द जोनाथन यांचे ठसे ओतुओके या त्यांच्या गावी यंत्राने घेतले नाहीत. ३० तारखेला अमेरिकेचे आणि ब्रिटनचे परराष्ट्रमंत्री, जॉन केरी आणि फिलिप हॅमंड, यांनी संयुक्त निवेदन काढून बेरजेच्या टप्प्यावर राजकीय हस्तक्षेप होईल अशी भीती बोलून दाखवली. ३१ ला जोनाथन यांच्या पक्षाचे माजी मंत्री गॉड्सडे ओरुबेबे यांनी बेरीज चाललेल्या सभागृहात ध्वनिक्षेपक हाती घेऊन जेगा पक्षपाती असल्याचा आरोप केला आणि काम थांबवून धरलं. सगळा देश ते थेट पाहत होता. जेगा शांतपणे ऐकत बसले आणि मग पुढचं राज्य वाचायला लागले.

या घडामोडींमागे २०११ ची सावली होती. तेव्हा जोनाथन यांना सुमारे २ कोटी २५ लाख मतं मिळाली, बुहारींना १ कोटी २२ लाख. बुहारींनी निकाल मान्य केला नाही आणि उत्तरेत दंगली पेटल्या. ह्यूमन राइट्स वॉचच्या हिशेबाने तीन दिवसांत ८०० हून अधिक माणसं मेली, त्यांतली सर्वांत जास्त कडुना राज्यात. शाळांची कामं करायला आणि मतदान केंद्रांवर मदत करायला गेलेली राष्ट्रीय युवा सेवेतली कोवळी मुलं बाउची राज्यात मारली गेली. आणि त्याही आधी १९९३: १२ जूनची निवडणूक एम. के. ओ. अबिओला जिंकत असल्याचं दिसत होतं, ती लष्करी राज्यकर्ते बाबंगिदांनी ११ दिवसांत रद्द केली. त्याच वर्षी जनरल सानी अबाचांनी सत्ता घेतली, आणि अबिओला १९९८ मध्ये कैदेतच वारले.

हे ध्यानात घेतलं की फोनचा पत्ता कळतो. तो निवडणूक आयोगासाठी नव्हता, न्यायालयासाठी नव्हता. तो बेरीज आणि घोषणा यांच्यामधल्या फटीत काहीतरी करू शकणाऱ्या माणसांसाठी होता. ओरुबेबेंसारखे पक्षाचे लोक. निकालपत्रावर सही अडवून धरू शकणारे प्रतिनिधी. एका फोनवर केंद्र बंद पाडू शकणारे राज्यपाल. वरून इशारा येण्याची वाट पाहणारे पोलीस आणि लष्करी अधिकारी. कडुना, जोस, पोर्ट हारकोर्टच्या गल्ल्यांत जमलेली तरुण पोरं. या प्रत्येकाला बळ मिळतं ते ‘आमचा नेता अजून लढतोय’ या एका समजुतीतून. सव्वापाचनंतर ती समजूत उरली नाही. ज्याच्यासाठी गोंधळ घालायचा त्यानेच समोरच्याचं अभिनंदन केलं होतं. म्हणूनच फोनची वेळ महत्त्वाची. तोच फोन घोषणेनंतर झाला असता तर त्याची किंमत अर्धीही राहिली नसती, कारण दंगल पेटायची तर त्या मधल्या तासांत पेटते. देशाला उद्देशून काढलेल्या निवेदनात जोनाथन म्हणाले की कोणाचीही महत्त्वाकांक्षा एकाही नायजेरियन माणसाच्या रक्ताएवढी मोलाची नाही. हे वाक्य मला आजही मोठं वाटतं, आणि त्या रात्री जे घडलं नाही त्याचं बरंचसं श्रेय त्यांचं आहे असं मी मानतो.

पण बरंचसं म्हणजे सगळं नव्हे. जोनाथन यांनी बुहारींना सत्ता ‘बहाल केली’ असं लिहिणाऱ्यांवर माझा राग आहे तो यासाठी. सत्ता मतदारांनी काढून घेतली. मतदान केंद्रावर चिकटवलेल्या निकालपत्रकांनी, ठसे घेणाऱ्या यंत्रांनी, स्वतंत्रपणे नमुना मोजणी करणाऱ्या नागरिक संघटनांनी खोटी बेरीज करणं अवघड करून ठेवलं होतं. विखुरलेले विरोधक फेब्रुवारी २०१३ मध्ये एका पक्षात एकत्र आले नसते तर हरण्याची वेळच आली नसती. जानेवारी २०१५ मध्ये कोफी अन्नान यांच्या उपस्थितीत दोन्ही उमेदवारांनी शांततेच्या करारावर सह्या केल्या होत्या. आणि २०१४ च्या जूनमध्ये एकिती राज्याचे राज्यपाल कायोदे फायेमी यांनी हरल्यावर लगेच पराभव स्वीकारून दाखवला होता. हे उदाहरण कोणी सांगत नाही, खरं तर ते आधी सांगायला हवं.

‘आफ्रिकेत पहिल्यांदाच’ हेही बंद व्हायला हवं. झांबियाचे केनेथ काउंडा आणि बेनिनचे मॅथ्यू केरेकू १९९१ मध्येच हरून बाजूला झाले, सेनेगलमध्ये २००० साली अब्दू दियूफ आणि २०१२ मध्ये अब्दुलाय वाद यांनी तेच केलं. पहिल्यांदा झालं ते फक्त नायजेरियापुरतं: पदावरचा राष्ट्राध्यक्ष मतपेटीतून हरला. २००७ मध्ये ओबासांजोंकडून यारअदुआंकडे सत्ता गेली खरी, पण एकाच पक्षात.

मग नायजेरियाच्या लोकशाहीला यातून काय मिळालं? दोन गोष्टी वेगळ्या ठेवल्या की उत्तर सरळ आहे. २९ मेचं सत्तांतर आता पक्कं झालं आहे. पराभव मान्य करणं पक्कं झालेलं नाही. २०१९ मध्ये बुहारींकडून हरलेले विरोधी उमेदवार आतिकू अबुबाकर यांनी निकाल नाकारला आणि न्यायालयात गेले. २०२३ मध्ये बुहारींच्याच पक्षाचे विजयी उमेदवार बोला टिनुबू यांना ८७,९४,७२६ मतं मिळाली, म्हणजे एकूण मतांच्या निम्मीही नाहीत. मतदान केंद्रांचे निकाल संकेतस्थळावर ठरल्याप्रमाणे वेळेत चढले नाहीत, आणि आतिकू व दुसरे विरोधी उमेदवार पीटर ओबी दोघांनीही निकाल नाकारला. तरी २९ मे २०२३ ला शपथविधी ठरल्या वेळी झाला, निवडणूक न्यायाधिकरणाचा निवाडा ६ सप्टेंबरला आला आणि सर्वोच्च न्यायालयाने २६ ऑक्टोबरला याचिका फेटाळल्या. कोणी फोन केला नाही, सत्ता तरीही नियमाने दिली-घेतली गेली.

यावरून ‘नायजेरिया मागे गेला’ असा निष्कर्ष काढणाऱ्यांनी एक लक्षात घ्यावं: आतिकू आणि ओबी सत्तेत नव्हते. विरोधकाने निकाल नाकारून न्यायालयात जाणं हा त्याचा हक्क आहे आणि त्याने पोलीस, लष्कर, तिजोरी काही हलत नाही. जोनाथन यांच्या हाती हे सगळं होतं. त्यानंतर नायजेरियात पदावर असलेला राष्ट्राध्यक्ष एकदाही हरलेला नाही. २०१९ मध्ये बुहारी जिंकले, २०२३ मध्ये त्यांच्या दोन मुदती संपल्या होत्या. त्यामुळे २०१५ ची प्रथा रुजली की नाही हे २०१९ आणि २०२३ वरून ठरवताच येत नाही. पदावरचा उमेदवार पुन्हा मागे पडेल तेव्हा पाहायचं ते शपथविधीकडे नाही, तर पहिल्या राज्याचा आकडा वाचला गेल्यापासून आयोगाचे अध्यक्ष विजेत्याचं नाव घेईपर्यंतच्या तासांकडे: त्या तासांत राष्ट्राध्यक्ष काय बोलतो, आणि त्याच्या पक्षाचे लोक त्या सभागृहात काय करतात.