चाइल्डमाइंडर नोंदणी: अर्ज, कागदपत्रं आणि घरातल्या काचा

इंग्लंडमध्ये आठ वर्षांखालच्या मुलांना पैसे घेऊन आपल्या घरी दिवसाला दोन तासांहून जास्त सांभाळायचं असेल, तर चाइल्डमाइंडर म्हणून नोंदणी करावीच लागते, थेट ऑफस्टेडकडे (शाळा आणि बालसंगोपनाची तपासणी करणारी सरकारी संस्था) किंवा चाइल्डमाइंडर एजन्सीकडे. स्कॉटलंड आणि वेल्सची व्यवस्था वेगळी आहे.

वय किमान १८ हवं आणि युकेत काम करण्याचा हक्क हवा. स्टुडंट व्हिसावर स्वतःचा व्यवसाय चालत नाही, त्यामुळे अर्जाआधी व्हिसाच्या अटी वाचून घ्या.

कागदपत्रांत वेळ खातो तो डीबीएस, म्हणजे गुन्हेगारी नोंदींचा दाखला. त्याची एनहान्स्ड (सखोल) तपासणी तुमची तर होतेच, शिवाय घरात राहणाऱ्या १६ वर्षं किंवा त्याहून मोठ्या प्रत्येकाचीही होते. बाकी प्रकृतीची माहिती, दोन संदर्भ व्यक्ती आणि लहान मुलांच्या प्रथमोपचाराचं १२ तासांच्या कोर्सचं प्रमाणपत्र, जे दर तीन वर्षांनी नवं करावं लागतं. काम सुरू करताना पब्लिक लायबिलिटी विमाही (दुसऱ्याला इजा किंवा नुकसान झालं तर भरपाई देणारा) हवा. नोंदणीला १२ आठवड्यांपर्यंत वेळ लागू शकतो.

काचेचं वेगळं प्रमाणपत्र या यादीत नाही, म्हणून तो विषय मागे पडतो. पण नोंदणीआधी इन्स्पेक्टर घरी येतात, आणि मुलांसाठी जागा सुरक्षित ठेवणं ही जबाबदारी तुमची. बागेत उघडणाऱ्या मोठ्या काचेच्या दाराकडे बोट दाखवून ‘इथे काय काळजी घेतलीत?’ असं विचारलं, तर उत्तर तयार हवं.

काच कोणत्या जागी धोक्याची ठरते, याची मापं बांधकाम नियमांच्या ‘अप्रूव्हड डॉक्युमेंट के’मध्ये आहेत. दारात, आणि दाराच्या कडेपासून ३०० मिमीच्या आतल्या बाजूच्या काचेत, जमिनीपासून १५०० मिमीपर्यंत. खिडकीत किंवा भिंतीत ८०० मिमीपर्यंत. हे नियम नव्या किंवा बदललेल्या काचांना लागू होतात. जुन्या घरातली काच त्यासाठी काढावी लागत नाही. पण रांगणाऱ्या मुलाला घराचं वय कळत नाही, तेव्हा जुन्या घरातही हीच मापं धरून मोजपट्टी लावा.

मग काचेचा कोपरा बघा. सुरक्षित काचेवर मानकाचा क्रमांक असलेला बारीक कोरलेला शिक्का असतो: टफन्डवर बीएस ईएन १२१५०, लॅमिनेटेडवर बीएस ईएन १४४४९, जुन्या काचेवर बीएस ६२०६. टॉर्च तिरका धरला की दिसतो. कधी तो रबराच्या पट्टीला अगदी चिकटून असतो. डबल ग्लेझिंगमध्ये आतली आणि बाहेरची काच वेगवेगळी तपासा, कारण बागेत खेळणारं मूल बाहेरून आदळतं. टफन्ड काच फुटली की खडीसाखरेसारखे बोथट तुकडे होतात, लॅमिनेटेड तडकली तरी मधल्या थराला चिकटून राहते. साध्या काचेचे मात्र लांब, धारदार सुळे होतात. आत तारेची जाळी असलेली काच दिसायला भक्कम, पण शिक्का नसेल तर तिला सुरक्षित धरू नका.

शिक्का सापडला नाही तर काच साधीच समजा. बदलणं उत्तम. ते जमत नसेल तर सेफ्टी फिल्म: ईएन १२६०० या आघाताच्या चाचणीची, कडेपर्यंत लावलेली. नक्षीच्या काचेवर ती गुळगुळीत बाजूलाच नीट बसते. दुकानातली साधी शोभेची फिल्म या कामाची नाही. बसवणाऱ्याकडून चाचणीचा वर्ग लिहिलेलं बिल घ्या. एप्रिल २००२ नंतर खिडक्या बदलल्या असतील तर फेन्साचं (खिडक्या बसवणाऱ्यांची नोंदणी योजना) प्रमाणपत्र किंवा बिल्डिंग कंट्रोलचा (बांधकाम नियम पाळले का हे तपासणारा विभाग) दाखला शोधून त्या बिलासोबत एका फाइलमध्ये ठेवा. धोक्याचं मूल्यमापन प्रत्येक वेळी लेखी हवंच असं नाही, पण काचांपुरतं तरी मी लिहूनच ठेवीन: खोली, काच, शिक्का, केलेला उपाय, तारीख.

मोठ्या स्वच्छ दारावर मुलांच्या डोळ्यांच्या उंचीला स्टिकर लावा. मोठ्यांच्या उंचीवरचे त्यांना दिसत नाहीत. वरच्या मजल्यावरच्या खिडक्यांना १०० मिमीपर्यंतच उघडू देणारे रिस्ट्रिक्टर बसवा, मात्र आगीच्या वेळी बाहेर पडायची खिडकी मोठ्यांना झटकन पूर्ण उघडता आली पाहिजे. बागेतलं जुनं ग्रीनहाउस विसरू नका, त्यात बहुधा साधी काच असते. त्याभोवती कुंपण घाला किंवा ग्रीनहाउसच काढून टाका.

भाड्याचं घर असेल तर घरमालकाला लेखी विचारा: घरातून हा व्यवसाय चालेल का, फिल्म लावू का, आणि काच बदलायची झाली तर खर्च कोणाचा.