सहा फुटी पोरगा आणि विटाव्याचा ट्रॅफिक

"मामा, यावेळी कप आपलाच." भाच्याचा मेसेज आला तेव्हाच मला जरा शंका आली होती. कारण काय, तर ऐरोलीत त्यांच्या सोसायटीत नवीन भाडेकरू आलेत आणि त्यांचा मुलगा सहा फूट तीन इंच, वय सोळा, आधीच्या गावी जिल्ह्यापर्यंत बास्केटबॉल खेळून आलेला. भाच्याची टीम दरवर्षी आसपासच्या सोसायट्यांच्या स्पर्धेत तिसरी-चौथी येते, त्यात हा मिळाला म्हणजे झालंच की, असा सगळ्यांचा हिशोब.

पहिली मॅच नऊ पॉइंटने हरले.

मला मॅच बघताना वही घेऊन बसायची वाईट खोड आहे. त्या दिवशीच्या वहीत असं दिसतं की टीमने एकूण 43 शॉट मारले, त्यातले 27 एकट्या उंच पोराने, आणि त्यातले गेले 8. पण आकड्यांपेक्षा जास्त लक्षात राहिलं ते दुसरंच. त्याच्या हातात बॉल गेला की बाकीचे चौघं थांबायचे, अक्षरशः कमरेवर हात ठेवून उभे, जसं काही ते पण प्रेक्षकच आहेत. समोरच्या टीमचे तिघं त्याच्याभोवती गोळा व्हायचे आणि भाचा बास्केटच्या डाव्या बाजूला एकटा मोकळा उभा, हात वर नाही, काही नाही. गेल्या वर्षी हाच भाचा त्याच जागेवरून बऱ्यापैकी शॉट मारत होता.

संध्याकाळी सोसायटीच्या ग्रुपवर निदान आलंच, "नवीन पोराचा पायगुण बरा नाही". खेळाडू आला आणि टीम जिंकली तर चांगला पायगुण, हरली तर पांढऱ्या पायाचा, एका मॅचवर निकाल लावून मोकळे. नाणं एकदा उडवून ते खोटं आहे म्हणण्यासारखं आहे हे. पण त्याच ग्रुपवरचे दुसरे लोक जे म्हणत होते की "एवढा भारी प्लेअर घेतला तर टीम वाईट कशी होईल", तेही तितकेच चुकीचे होते, आणि ही चूक जास्त इंटरेस्टिंग आहे कारण ती एनबीएतले (अमेरिकेतली मोठी बास्केटबॉल लीग) करोडो डॉलर खर्च करणारे लोकही करतात.

2012 मध्ये लॉस एंजेलिसच्या लेकर्स टीमकडे कोबी ब्रायंट आणि पाऊ गॅसोल आधीच होते, त्यात स्टीव्ह नॅश आणि ड्वाइट हॉवर्ड आणले. कागदावर भयंकर टीम. सीझनमध्ये 45 जिंकल्या, 37 हरल्या, आणि प्लेऑफच्या (सीझननंतरच्या बाद सामन्यांच्या) पहिल्याच फेरीत सॅन अँटोनिओने 4-0 ने घरी पाठवलं. उलट बॉस्टनने 2007 मध्ये केव्हिन गार्नेट आणि रे अॅलन आणले तर आदल्या सीझनला 24 मॅच जिंकलेली टीम 66 जिंकली आणि चॅम्पियन झाली. स्टार इकडेही आले, तिकडेही आले. मग फरक कुठे पडला?

इथे मला ट्रॅफिककडे वळावं लागणार, कारण माझ्या मते याचं सगळ्यात भारी उत्तर ट्रॅफिकमध्येच आहे.

मी ठाण्यात राहतो. ऐरोलीला जायचे माझ्याकडे दोन रस्ते, एक कळवा, विटावा, दिघा करत, दुसरा तीन हात नाक्यावरून हायवेने मुलुंड आणि मग ऐरोली पूल. विटाव्याचा रस्ता मोकळा असेल तर झकास. पण तो मोकळा आहे हे मोबाईलमधला मॅप एकट्या मला सांगत नाही, सगळ्यांना सांगतो, मग सगळे तिकडे घुसतात, विटाव्याला रेल्वेच्या पुलाखाली लाईन लागते, आणि दोन्ही रस्त्यांना सारखाच वेळ लागायला लागेपर्यंत हे चालू राहतं. सारखा वेळ लागला की मग कुणी रस्ता बदलत नाही. म्हणजे बघा, जवळचा रस्ता आहे, पण त्याचा फायदा कुणालाच नाही. शॉर्टकट असून नसल्यासारखा.

आता विटाव्याच्या जागी उंच पोराला ठेवा.

समजा एका मॅचमध्ये टीम 80 शॉट घेते. साधा खेळाडू एका शॉटमागे सरासरी 1 पॉइंट मिळवतो असं धरू (दोन पॉइंटचा शॉट, निम्मे जातात). स्टारचं वेगळं. तो कमी शॉट घेतो तेव्हा निवडून, मोकळे घेतो, म्हणून त्याची सरासरी सुरुवातीला 1.5 जवळ असते, पण जसा जास्त वापरू तशी ती घसरते, कारण डिफेन्सला कळतं की बॉल इकडेच येणार आहे, शिवाय चांगले शॉट संपतात आणि तो अवघड घ्यायला लागतो. समजा प्रत्येक वाढीव शॉटमागे त्याची सरासरी 0.02 ने खाली येते. (हे आकडे मी सोयीसाठी घेतलेत, खऱ्या खेळाडूचे नाहीत.)

स्टारने 12 शॉट घेतले तर त्याची सरासरी 1.26, त्याचे पॉइंट साधारण 15, बाकीच्यांच्या 68 शॉटचे 68, एकूण 83. त्याने 20 घेतले तर सरासरी 1.10, त्याचे 22, बाकीच्यांचे 60, एकूण 82. आणि 25 घेतले तर सरासरी बरोबर 1, एकूण 80. म्हणजे स्टार नसता, पाचही साधेच असते, तरी 80 च झाले असते! तोच विटाव्याचा रस्ता, तुडुंब भरलेला.

गंमत 20 व्या शॉटला आहे, इथे जरा थांबा. कोच कागद बघतो, त्यावर लिहिलंय स्टार 1.10, बाकीचे 1.00, तो म्हणतो अजून द्या त्याला. पण 19 शॉटला स्टारचे पॉइंट 21.28 होते आणि 20 ला 22.00, म्हणजे त्या विसाव्या शॉटने टीमला मिळाले फक्त 0.72. तोच शॉट भाच्यासारख्या साध्या पोराने मारला असता तर 1 मिळाला असता. सरासरी सांगते "दे", पुढचा एक शॉट सांगतो "देऊ नको". कारण विसावा शॉट आधीच्या एकोणीसही शॉट थोडे थोडे खराब करतो, जशी विटाव्यात शिरलेली माझी गाडी आधीच अडकलेल्या सगळ्यांना थोडं थोडं उशीर करते आणि त्या उशिराचं बिल माझ्याकडे कधी येत नाही. ज्यांनी बारावीला डेरिव्हेटिव्ह केलंय त्यांनी n(1.5 − 0.02n) चं काढून 1 शी जुळवावं, उत्तर 12.5 येईल. ज्यांनी नाही केलं त्यांनी हा परिच्छेद सोडला तरी चालेल.

हे पुढे अजून विचित्र होतं. 1968 मध्ये डीट्रिश ब्रेस नावाच्या जर्मन गणितज्ञाने दाखवलं की नवीन रस्ता बांधल्याने सगळ्यांचाच वेळ वाढू शकतो. समजा 4000 गाड्या आहेत, दोन मार्ग, प्रत्येकात एक अरुंद तुकडा (गाड्यांची संख्या भागिले 100, इतकी मिनिटं) आणि एक रुंद तुकडा (कायम 45 मिनिटं), फक्त एकात अरुंद आधी आणि दुसऱ्यात नंतर. गाड्या निम्म्या निम्म्या वाटल्या जातात, 20 अधिक 45, 65 मिनिटं. आता मधोमध एक शून्य मिनिटाचा जोडरस्ता टाका. प्रत्येकाला वाटतं दोन्ही अरुंद तुकडे जोडून जावं, प्रत्येक अरुंद तुकडा 45 पेक्षा कमीच आहे ना. सगळेच तसं करतात आणि 40 अधिक 40, 80 मिनिटं. एकट्याने जुन्या मार्गाने जायचं म्हटलं तर 85, म्हणून कुणी परतही फिरत नाही. रस्ता वाढला, उद्घाटन झालं, पंधरा मिनिटं जास्त.

ब्रायन स्किनर नावाच्या भौतिकशास्त्रज्ञाने 2010 मध्ये हेच बास्केटबॉलला लावलं. त्याचं म्हणणं, बॉल म्हणजे गाडी, बास्केट म्हणजे मुक्काम, खेळाडू म्हणजे रस्त्याचे तुकडे, आणि दर वेळी त्या क्षणी बेस्ट दिसणारा मार्ग घेत गेलं तर टीम तिच्या खऱ्या बेस्टपेक्षा कमी पडू शकते. कधी कधी महत्त्वाचा खेळाडू बाहेर गेल्यावर टीम चांगली खेळू शकते, हेही त्याच गणितात बसतं. लोक 1999 ची न्यूयॉर्कची निक्स टीम आठवतात, त्यांचा स्टार पॅट्रिक यूइंग जखमी होऊन बाहेर गेला तरी ते फायनलला पोचले. पण फायनल हरले हे सांगताना सगळ्यांचा आवाज जरा खाली जातो.

तर लेकर्स आणि बॉस्टन. नॅश आणि कोबी दोघांनाही बॉल हातात लागतो, हॉवर्ड आणि गॅसोल दोघांचीही हक्काची जागा बास्केटजवळ. चार भारी रस्ते, पण दोनच चौकात घुसणारे. बॉस्टनचं उलट. रे अॅलन बॉलशिवाय पळत राहायचा, स्क्रीनच्या (डिफेंडरची वाट अडवून उभ्या राहिलेल्या जोडीदाराच्या) मागून बाहेर येऊन थेट शॉट. गार्नेटची मोठी देणगी डिफेन्सची, 2008 चा सर्वोत्तम डिफेन्स खेळाडूचा पुरस्कार त्यालाच मिळाला. आणि डिफेन्स करताना बॉल एकमेकांत वाटून घ्यावा लागत नाही, तिथे गर्दीच होत नाही, पाच जण एकाच वेळी चांगला डिफेन्स करू शकतात.

माझ्या 80 शॉटच्या हिशोबात एक मोठी खोट आहे, ती कबूल करतो. मी धरलं की बाकीच्यांचा 1 हा 1 च राहतो. तसं नसतं. स्टारवर दोघं धावले की उरलेल्या चौघांसमोर तिघंच राहतात, आणि 28 बाय 15 मीटरच्या कोर्टवर, त्यातही अर्ध्यात, एक मोकळा माणूस म्हणजे फार झालं. हा स्टारचा खरा फायदा, आणि तो त्याच्या नावावर कुठेच लिहिला जात नाही. पण त्यासाठी दोन गोष्टी लागतात, त्याने वेळेत बॉल सोडायचा आणि बाकीच्यांनी कमरेवरचे हात काढायचे. याला वेळ लागतो. लेब्रॉन जेम्स आणि ख्रिस बॉश 2010 मध्ये मायामीला तिथला स्टार ड्वेन वेड याच्या जोडीला आले तेव्हा पहिल्या 17 मॅचमध्ये 9 जिंकल्या, 8 हरल्या. त्या वर्षी फायनलला डॅलसकडून हरले, मग 2012 आणि 2013 ला चॅम्पियन. आणि लेब्रॉन गेलेल्या क्लीव्हलँडचं काय, तर 61 विजयांवरून 19 वर. तेव्हा "स्टारची गरजच नाही" असा मेसेज कुणी फॉरवर्ड केला तर तोही पुढे ढकलू नका.

नवीन दुबळेपणाही येतो. उंच पोरगा पळण्यात जरा जड आहे, समोरच्यांनी दुसऱ्या हाफमध्ये हे हेरलं आणि मुद्दाम त्यालाच दूर ओढून त्याच्या बाजूने घुसायला लागले. आधीच्या टीममध्ये असा ठरलेला कच्चा दुवा नव्हता, सगळेच सारखे मध्यम होते.

गेल्या रविवारी दुसरी मॅच झाली. टीमच्या कोच सरांनी मधल्या आठवड्यात एवढंच केलं होतं की उंच पोराने बॉल धरून तीन मोजायच्या आत एकतर शॉट मारायचा नाहीतर सोडायचा. मी वहीत एक नवा रकाना आखला, त्याच्याकडे दोघं धावल्यामुळे दुसऱ्या कुणाला मिळालेले मोकळे शॉट. तिसऱ्या क्वार्टरला बाजूला बसलेल्या त्याच्या आईने विचारलं, "किती झाले हो त्याचे? आज खेळतच नाहीये." मी म्हटलं सहा. त्यांचा चेहरा पडला. नव्या रकान्यात तोवर चौदा रेघा झाल्या होत्या, त्या त्यांना कशा समजवायच्या ते मला सुचेना, मी वहीच त्यांच्या हातात दिली.