मधला ट्रान्सफॉर्मर गळाला तेव्हा

माझ्या टेबलावर सध्या एक अ‍ॅम्प्लिफायर अर्धा जुळून पडलाय. चार ईएल-३४ नंबरचे व्हॉल्व्ह, म्हणजे जुन्या रेडिओत असायच्या तशा हवा काढलेल्या काचेच्या नळ्या, आणि त्यांना एकीकडून अधिक ४०० व दुसरीकडून उणे ४०० व्होल्ट. हे सगळं कशासाठी, तर एका हेडफोनसाठी. घरी येणारा प्रत्येक जण दोन गोष्टी विचारतो: कानाला लावायच्या वस्तूला एवढे व्होल्ट कशाला, आणि आजच्या काळात व्हॉल्व्ह का? दोन्हींचं उत्तर एकच आहे. फक्त ते सांगायला शंभर वर्षं मागं जावं लागतं.

फ्लेमिंग यांनी १९०४ साली पहिला व्हॉल्व्ह केला. दोनच वर्षांनी ली डी फॉरेस्ट यांनी त्यात जाळी बसवण्याकडे पाऊल टाकलं आणि पुढं त्यातूनच बारीक आवाज मोठा करायची सोय झाली. व्हॉल्व्हचा स्वभाव मात्र पहिल्यापासून ठरलेला: व्होल्ट सढळ हातानं देतो, करंट देताना हात आखडता घेतो. १९२५ साली राइस आणि केलॉग यांनी ज्या तऱ्हेचा कॉइलचा स्पीकर पुढं आणला, त्याला नेमकं उलटं लागतं, म्हणजे व्होल्ट थोडे आणि करंट भरपूर. म्हणून दोघांच्या मध्ये, व्होल्ट उतरवून करंट वाढवायला, आउटपुट ट्रान्सफॉर्मर आला. तो जड, महाग, आणि आवाजाचं बरंवाईट त्याच्याच हाती. व्हॉल्व्हच्या अ‍ॅम्प्लिफायरचा जवळजवळ सगळा इतिहास या मध्यस्थाला सांभाळून घेण्याचा आहे.

आमच्याकडे मराठवाड्यात व्हॉल्व्ह रुजला तो निजामाच्या राजवटीत. स्वातंत्र्याच्या वेळी संस्थानांच्या ताब्यात पाच रेडिओ केंद्रं होती. त्यांतलं एक औरंगाबादला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला होतं. लाईट नसलेल्या गावांत रेडिओ ९० व्होल्टच्या कोरड्या बॅटरीवर चालायचे. १९६१ पासून बेंगळुरूची भारत इलेक्ट्रॉनिक्स देशातच व्हॉल्व्ह बनवू लागली. १९६८ ला परभणी आकाशवाणी सुरू झाली आणि रेडिओ दुरुस्तीच्या दुकानांना बरकत आली. त्यांतलंच एक आमच्या अण्णांचं.

अण्णा लग्नसराईत आणि हरिनाम सप्ताहाला लाऊडस्पीकरही भाड्यानं द्यायचे. त्यांच्या सेटमध्ये ८०७ नंबरचे व्हॉल्व्ह होते. या व्हॉल्व्हच्या डोक्यावर धातूची टोपी असते आणि मुख्य हाय व्होल्टेज तिथंच येतो. सप्ताहात सात दिवस सेट गरम असायचा. रात्री मंडपामागं अंधारात ते दोन तांबूस दिवे बघत मी बसायचो. अण्णांचं एक वाक्य अजून कानात आहे: "लाईट गेली म्हणून हात घालू नको बाळा, मधे लाईट ऱ्हातीच." ट्रान्झिस्टर आले, सेट हलके झाले, आणि ते सगळं ज्ञान गंजल्या पत्र्याच्या पेट्यांत जाऊन पडलं.

आता दुसरा धागा. हिवाळ्यात टेरिकॉटचा शर्ट काढताना चटचट आवाज येतो, हातावरचे केस उभे राहतात. आपल्या कोरड्या हवेत हा अनुभव कुणाला नवा नाही. इलेक्ट्रोस्टॅटिक हेडफोन स्थिर विजेच्या याच ओढीवर चालतो. एक-दोन मायक्रॉन जाडीचा प्लॅस्टिकचा पडदा, त्याच्या दोन्ही अंगांना भोकं पाडलेल्या पट्ट्या. पडद्यावर विजेचा कायमचा भार ठेवायचा आणि दोन्ही पट्ट्यांना गाण्याचे व्होल्ट द्यायचे. एक पट्टी ओढते तेव्हा दुसरी ढकलते. कॉइल नाही, चुंबक नाही. हलायला फक्त तो पडदा, आणि त्याचं वजन नसल्यातच जमा.

कल्पना जुनीच. १९१७ च्या सुमाराला वेंट यांनी केलेला कंडेन्सर मायक्रोफोन उलटा चालवला की हाच हेडफोन होतो. १९५७ साली इंग्लंडात पीटर वॉकर यांनी क्वाड कंपनीचा इलेक्ट्रोस्टॅटिक स्पीकर विकायला आणला. जपानच्या स्टॅक्स कंपनीनं १९५९ ला एसआर-१ हा हेडफोन दाखवला आणि पुढच्या वर्षी तो बाजारात आणला. स्टॅक्सच्या हेडफोनांत पडद्यावर आधी २३० व्होल्टचा भार असायचा, पुढं ‘प्रो’ जातीत तो ५८० झाला.

खरी गंमत आकड्यांत आहे. असा हेडफोन विजेच्या दृष्टीनं जेमतेम १०० पिकोफॅरडचा कपॅसिटर, म्हणजे भार साठवणारा अगदी छोटा भाग असतो. १००० हर्ट्‌झला त्याचा अडथळा सुमारे १६ लाख ओहम. २० हजार हर्ट्‌झलाही तो ८० हजारांच्या आसपास राहतो. ३०० व्होल्ट दिले तरी करंट चार मिलिअ‍ॅम्पिअरच्या आसपासच. म्हणजे व्होल्ट भरपूर आणि करंट नाममात्र! व्हॉल्व्हला जे जन्मजात जमतं तेच इथं हवं असतं. मध्यस्थाचं कामच उरत नाही.

शिवाय दोन पट्ट्यांना एकमेकांच्या उलट जाणारे दोन सिग्नल लागतात. त्याची सोय अ‍ॅलन ब्लमलाइन यांनी १९३६ सालीच पेटंट केलेल्या जोडव्हॉल्व्ह सर्किटमध्ये होती. तरी सुरुवातीची बरीच वर्षं लोक साध्या अ‍ॅम्प्लिफायरच्या स्पीकरच्या तारांना उलटा ट्रान्सफॉर्मर लावून व्होल्ट वाढवत आणि हेडफोन चालवत. व्हॉल्व्हचे व्होल्ट एका ट्रान्सफॉर्मरनं उतरवायचे आणि दुसऱ्यानं परत चढवायचे, हे मला आजही पटत नाही. पुढं व्हॉल्व्ह थेट पट्ट्यांना जोडणारे सेट आले. १९९१ साली सेनहायझर या जर्मन कंपनीनं ऑर्फियस हा हेडफोन व्हॉल्व्हच्या अ‍ॅम्प्लिफायरसकट काढला, तोही मोजून ३०० च्या आसपास जोड. आपल्यासारख्यांना दार उघडलं ते अमेरिकेतल्या केव्हिन गिलमोर यांनी. त्यांनी आपली सर्किटं सगळ्यांसाठी खुली ठेवली. चार ईएल-३४ चं ‘ब्लू हवाई’ त्यांतलंच, आणि माझ्या टेबलावर तेच आहे.

इथं बसून ते जुळवायचं तर अडचणी आपल्या मातीतल्या आहेत. भारित पडदा धूळ ओढून घेतो, आणि उन्हाळ्यात धुळीला तोटा नाही. संध्याकाळी व्होल्टेज पडतं, म्हणून पुरवठा रेग्युलेटेड, म्हणजे व्होल्ट स्थिर ठेवणारा लागतो. सामानाला नांदेडकर हैदराबादच्या कोठी भागात जातात, आम्ही मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला. एका व्यापाऱ्यानं मला ‘नवे’ म्हणून चार व्हॉल्व्ह दिले. घरी उजेडात धरले तर एकाच्या काचेवरचा चंदेरी डाग दुधासारखा पांढरा झालेला, म्हणजे आत हवा शिरलेली. हे ओळखायला अण्णांनीच शिकवलं होतं.

बंद केल्यावर कपॅसिटर रिकामे व्हावेत म्हणून मी त्यांना आडवा रेझिस्टर लावलाय. मीटर ४०० वरून दहाच्या खाली यायला पाऊण मिनिट जातं. तोवर मी हात मागं घेऊन काट्याकडं बघत बसतो.