व्हिडिओ मध्येच अडकणं वेगळं आणि उशिरा सुरू होणं वेगळं

ऑनलाईन ट्रेनिंगची प्रेझेंटेशनं बनवणाऱ्या कुणालाही विचारा, तक्रार ठरलेली, "व्हिडिओ लोड होईना." आणि त्यावर उत्तरही ठरलेलं, "कॉम्प्रेस कर की." शिरोलीच्या फाऊंड्रीतलं सेफ्टी ट्रेनिंग असू दे नाहीतर चंदगडच्या शिक्षकांसाठीचं मॉड्यूल असू दे, सगळीकडं हेच चाललंय. मग बनवणारा कॉम्प्रेस करतो, म्हणजे फाईल दाबून लहान करतो, पुन्हा अपलोड करतो, तरी उशीर होतोच, मग अजून कॉम्प्रेस करतो, शेवटी स्क्रीनवरचं अक्षर वाचता येईना अशी अवस्था होते आणि उशीर तसाच. आधी कुणी विचारतच नाही की बाबा, नक्की होतंय काय?

कारण "लोड होईना" म्हणणारे दोघं दोन वेगळ्या गोष्टी सांगत असतात. एकाचा व्हिडिओ प्ले दाबल्याबरोबर सुरू होतो पण मध्ये मध्ये थांबतो, गोल फिरत राहतं. दुसऱ्याचा प्ले दाबल्यावर बराच वेळ नुसता काळा चौकोन, पण एकदा चालू झाला की शेवटपर्यंत कुठं अडकत नाही. या दोन्हीची कारणं वेगळी आणि इलाजही वेगळे.

पहिला प्रकार बहुतेकांना माहीत आहे म्हणून पटकन सांगतो. व्हिडिओचा बिटरेट, म्हणजे दर सेकंदाला तो किती डेटा खातो तो आकडा, नेटच्या स्पीडपेक्षा जास्त असला की तो अडकणारच. दोन्ही एमबीपीएसमध्ये, म्हणजे सेकंदाला किती मेगाबिट त्यात मोजतात. 5 एमबीपीएसचा दहा मिनिटांचा व्हिडिओ म्हणजे जवळपास 375 एमबी, तोच 1 एमबीपीएसला काढला तर 75 एमबी. गगनबावड्याच्या बाजूला, जिथं मोबाईलला मुश्किलीनं दोन एमबीपीएस मिळतंय, तिथं पहिला अडकणार आणि दुसरा चालणार, विषय संपला. स्क्रीन रेकॉर्डिंग असेल तर 720पी ला 1 एमबीपीएस भरपूर होतं, स्क्रीनवर फारसं काही हलतच नसतं. मोबाईलवर 4के मध्ये शूट केलेली क्लिप तशीच्या तशी स्लाईडमध्ये टाकणाऱ्यांना मात्र हात जोडून विनंती आहे, तिथं मिनिटाला शे-दीडशे एमबी सहज जातात आणि बघणारा सहा इंची स्क्रीनवर बघत असतो. इथं कॉम्प्रेस करणं हाच इलाज, याबद्दल वादच नाही.

आता दुसरा प्रकार, कारण सगळा घोळ इथं आहे.

एमपी4 फाईलच्या आत दोन मोठे भाग असतात. एकात खरा व्हिडिओ-ऑडिओ, त्याला एमडॅट म्हणतात. दुसऱ्यात सगळी नोंद, म्हणजे कुठली फ्रेम फाईलमध्ये नेमकी कुठं आहे, कुठला कोडेक (व्हिडिओ दाबून साठवायची पद्धत) आहे, एकूण लांबी किती, त्याला मूव्ह म्हणतात. ही नोंद हातात आल्याशिवाय ब्राउझरला एक फ्रेमसुद्धा दाखवता येत नाही. आणि बरीच सॉफ्टवेअरं ही नोंद फाईलच्या शेवटी लिहितात, कारण रेकॉर्डिंग पूर्ण झाल्याशिवाय ती तयारच होत नाही. म्हणजे पुस्तकाची अनुक्रमणिका शेवटच्या पानावर, आणि ती वाचल्याशिवाय पहिलं पान उघडायचं नाही असा नियम.

आता बघा काय होतं. सर्व्हर, म्हणजे फाईल जिथं ठेवलीय तो कॉम्प्युटर, धड असेल आणि फाईल तुकड्यांत देत असेल तर ब्राउझर सुरुवातीचा तुकडा मागतो, त्यात मूव्ह नाही हे कळतं, मग फाईलचं शेपूट मागतो, मग परत सुरुवातीला येतो. नेट चांगलं असेल तर हे कळतही नाही, पण रेंज कमी असली की या प्रत्येक फेरीला वेळ जातो आणि सर्व्हर अमेरिकेत असला तर अजूनच. आणि सर्व्हर तुकड्यांत फाईल देतच नसेल तर मग संपलंच, अख्खी फाईल उतरेपर्यंत काळा चौकोन. 4 एमबीपीएसच्या नेटवर 375 एमबी उतरायला साडेबारा मिनिटं लागतात. तुम्ही कॉम्प्रेस करून 75 एमबी केलीत तर अडीच मिनिटं. आणि हेच ते फसवणारं ठिकाण! साडेबाराची अडीच मिनिटं झाली म्हटल्यावर माणसाला वाटतं, बघा, कॉम्प्रेस केल्यानं फरक पडला, अजून थोडं करूया. फरक पडतो हे खरं, पण ज्या ट्रेनीला रात्रपाळीनंतर मोबाईलवर मॉड्यूल संपवायचंय तो अडीच मिनिटं काळ्या चौकोनाकडं बघत बसणार नाही, तो बंद करून झोपणार. मूव्ह पुढं असता तर दहा मिनिटांच्या व्हिडिओची नोंद काहीशे केबीची असते, ती आली आणि थोडा व्हिडिओ आला की काही सेकंदांत सुरू, मग फाईल 75 ची असो नाहीतर दीडशेची.

इलाज फुकट आहे आणि क्वालिटीला धक्का लागत नाही. एफएफएमपेग या कमांड टाईप करून चालवायच्या फुकट सॉफ्टवेअरमध्ये कोडेक कॉपी ठेवून मूव्हफ्लॅग्ज फास्टस्टार्ट (-c copy -movflags +faststart) द्यायचं, फाईल पुन्हा एन्कोड होत नाही, म्हणजे व्हिडिओ नव्यानं बनत नाही, नोंद फक्त उचलून पुढं ठेवली जाते, साईझ जवळजवळ तेवढीच राहते आणि काम काही सेकंदांत होतं. कमांडची भीती वाटत असेल तर हँडब्रेक हे बटणांवर चालणारं सॉफ्टवेअर घ्या, त्यात वेब ऑप्टिमाइझ्ड नावाची टिकमार्क आहे, पण हँडब्रेक व्हिडिओ पुन्हा एन्कोड करतो, म्हणून बिटरेटही कमी करायचा असेल तेव्हाच ते वापरा, दोन्ही कामं एकदम होतात. आणि एक लक्षात ठेवा, हे सगळ्यात शेवटी करायचं. फास्टस्टार्ट केलेली फाईल परत एडिटरमध्ये टाकून लोगो लावून एक्सपोर्ट केली की नोंद पुन्हा मागं जाऊ शकते.

नक्की हेच दुखणं आहे का हे बघायला क्रोममध्ये एफ12 दाबा, नेटवर्क टॅब उघडा, थ्रॉटलिंगमधून (नेट मुद्दाम हळू करायची सोय) 3जी निवडा आणि मग प्ले करा. व्हिडिओच्या फाईलची एक रिक्वेस्ट सुरुवातीपासून आणि लगेच दुसरी फाईलच्या शेवटाजवळच्या आकड्यापासून जाताना दिसली तर मूव्ह मागं आहे. हे इनकॉग्निटो विंडोत करा. बनवणारा माणूस दहा वेळा बघून कॅशमधला, म्हणजे ब्राउझरनं आधीच उतरवून ठेवलेला व्हिडिओ चालवतो, तेही ऑफिसच्या वायफायवर, आणि वर सांगतो, "माझ्याकडं तर मस्त चालतंय." चालणारच की!

बाकीच्या गोष्टी बारीक आहेत. एमपी4 झिप करून काही मिळत नाही, तो आधीच कॉम्प्रेस झालेला असतो. व्हॉट्सअ‍ॅपवरून स्वतःलाच पाठवून "लहान" केलेला व्हिडिओ तर ट्रेनिंगमध्ये अजिबात नको, ओतकामाच्या क्लिपमध्ये टेम्परेचरचा आकडा वाचता आला नाही तर ती क्लिप दाखवून काय उपयोग. पॉवरपॉईंटमध्ये फोटो क्रॉप केला म्हणून तो हलका होत नाही, कापलेला भाग फाईलमध्येच राहतो, कॉम्प्रेस पिक्चर्समध्ये जाऊन क्रॉप केलेला भाग डिलीट करायला सांगावं लागतं. यूट्यूबवर टाकत असाल तर वरचं सगळं सोडून द्या, ते स्वतः पुन्हा एन्कोड करून नेटप्रमाणे क्वालिटी बदलत देतात. प्रश्न येतो तो स्वतःच्या होस्टिंगवर किंवा एलएमएसवर (ऑनलाईन ट्रेनिंग चालवायची सिस्टीम) फाईल थेट ठेवणाऱ्यांना.

प्रीलोडबद्दल, म्हणजे प्ले दाबायच्या आधीच व्हिडिओ किती उतरवून ठेवायचा या वेबपानावरच्या सेटिंगबद्दल मात्र माझं मत ठाम आहे. एका पानावर आठ व्हिडिओ आणि सगळ्यांना प्रीलोड ऑटो, हे करू नका. ब्राउझर मनावर घेईल तर सगळे एकदम नेट ओढायला लागतात आणि जो पहिला बघायचाय तोच मागं पडतो. पहिल्याला मेटाडेटा (फक्त नोंद), बाकीच्यांना नन (none, काहीच नाही), आणि प्रत्येकाला प्ले दाबेपर्यंत दिसणारं एक हलकं पोस्टर चित्र, म्हणजे बघणाऱ्याला काळा चौकोन तरी दिसत नाही.

आणि नोंद पुढं आणूनही उशीर होत असेल तर त्याच नेटवर्क टॅबमध्ये व्हिडिओच्या रिक्वेस्टचा स्टेटस, म्हणजे सर्व्हरनं दिलेला उत्तराचा आकडा बघा. 206 दिसला तर सर्व्हर तुकड्यांत देतोय, ठीक आहे. नुसता 200 दिसत असेल तर होस्टिंगवाल्याला फोन करून रेंज रिक्वेस्ट (फाईल तुकड्यांत द्यायची सोय) चालू करायला सांगा, नाहीतर कुणी व्हिडिओ मध्यापर्यंत सरकवला की त्याला तिथपर्यंतचा सगळा भाग उतरायची वाट बघावी लागेल.