दहा बाय चौदाच्या हॉलमध्ये सभागृहाचा आवाज

सोनी आणि फिलिप्स यांनी १९९९ मध्ये सुपर ऑडिओ सीडी, म्हणजे एसएसीडी, बाजारात आणली. पाठोपाठ डीव्हीडी-ऑडिओ आली, नंतर ब्लू-रे ऑडिओ. साध्या सीडीपेक्षा बारकाईने मोजलेला आणि दोनऐवजी पाच-सहा स्पीकरांसाठी वेगवेगळा मुद्रित केलेला आवाज या डिस्कवर मावतो. पुण्यात ज्यांना याची ओढ आहे ते डिस्क बाहेरून मागवतात, सुट्टीत घरी येणाऱ्या भाचीच्या हाती यादी देतात. डिस्क येते, कौतुकाने प्लेअरमध्ये जाते, आणि पाच स्पीकर व खर्जासाठीचा एक सबवूफर मांडलेला असताना समोरचे दोनच बोलतात. असं का होतं, हे कळलं तर पुढचं बरंच काही सोपं होतं.

आधी आकडे, कारण वाद त्यांवरूनच रंगतात. साधी सीडी सेकंदाला ४४,१०० वेळा आवाज मोजते आणि प्रत्येक मोजणी १६ बिटांत लिहिते. एसएसीडीची रीत वेगळी. तिला डीएसडी म्हणतात: बिट एकच, पण सेकंदाला २८,२२,४०० वेळा. डीव्हीडी-ऑडिओ आणि ब्लू-रे सीडीच्याच रीतीने, म्हणजे पीसीएमने, जातात, फक्त २४ बिटांत आणि सेकंदाला ९६,००० किंवा १,९२,००० वेळा. हे जास्तीचे आकडे कानाला कळतात का? मायर आणि मोरन या दोघांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात अशा डिस्कचा स्टीरिओ आवाज एकदा थेट आणि एकदा सीडीच्या दर्जातून गाळून ऐकवला होता. नेहमीच्या पातळीवर ऐकणाऱ्यांना फरक ओळखता आला नाही. लंडनच्या जोशुआ राइस यांनी २०१६ मध्ये अशा १८ प्रयोगांचे निकाल एकत्र तपासले, तेव्हा बरोबर उत्तरं ५२.३ टक्के निघाली. नुसत्या अंदाजाने ५० टक्के येतातच. म्हणजे फरक असलाच तर केसभर. या डिस्कची खरी श्रीमंती बिटांत नाही, जास्तीच्या चॅनलांत, म्हणजे प्रत्येक स्पीकरसाठी वेगळ्या साठवलेल्या आवाजात आहे, असं माझं स्पष्ट मत आहे.

बालगंधर्व रंगमंदिरात मधल्या रांगेत बसून डोळे मिटून बघा. आवाज समोरून येतो, आणि तोच भिंतींवर, छतावर आदळून किंचित उशिराने बाजूंनी आणि पाठीमागूनही येतो. त्या उशिरावरून आणि दिशेवरून मेंदू जागा केवढी आहे ते ताडतो. स्टीरिओत सभागृहाचा घुमारा रेकॉर्ड झालेला असतो, पण तो वाद्यांबरोबर समोरच्याच दोन स्पीकरमधून येतो. मल्टिचॅनल डिस्कवर मागचे दोन चॅनल हा घुमारा पाठीमागून परत देतात. अ‍ॅमस्टरडॅमच्या कॉन्सर्टखेबाऊसारख्या सभागृहात ध्वनिमुद्रित केलेला ऑर्केस्ट्रा ऐकताना मागच्या स्पीकरमधून सहसा वाद्यं येत नाहीत, तिथल्या भिंती ऐकू येतात. मागचे स्पीकर मध्येच बंद करा, जागा एकदम आक्रसते. फिलिप्सने १९७०च्या दशकात चार चॅनलवर मुद्रित केलेली कितीतरी वादनं पेंटाटोन या डच कंपनीने पुढे एसएसीडीवर आणली. चार चॅनलांचं ते काम तीसेक वर्षांनी पुन्हा घरात ऐकता आलं, याचा मला फार आनंद वाटतो.

आता गप्प बसलेल्या स्पीकरांकडे. हायब्रिड एसएसीडी १.२ मिलिमीटर जाडीची असते. तिच्यात ०.६ मिलिमीटर खोलीवर एक अर्धपारदर्शक थर असतो. एसएसीडी प्लेअरचा ६५० नॅनोमीटरचा लाल लेझर त्या थरावरून मल्टिचॅनल आवाज वाचतो. साध्या सीडी प्लेअरच्या ७८० नॅनोमीटरच्या अवरक्त लेझरला हा थर जणू नसतोच. तो आरपार जाऊन तळाचा साधा, दोन चॅनलचा सीडीचा थर वाचतो. त्यामुळे डिस्क कुठेही वाजते आणि ऐकणाऱ्याला वाटतं, एसएसीडी चालू आहे.

प्लेअर योग्य असला तरी गाडी बहुतेक वेळा केबलवर अडते. घरोघरी टीव्हीला जोडलेली असते ती ऑप्टिकल केबल. तिच्यातून दोन चॅनलचा साधा पीसीएम जातो किंवा सिनेमासाठी दाबून लहान केलेला डॉल्बी-डीटीएस. २४ बिट, ९६,००० मोजण्या आणि सहा चॅनल यांचा गुणाकार सेकंदाला सुमारे १ कोटी ३८ लाख बिट होतो, तो तिथे मावत नाही. एसएसीडीचा मूळ प्रवाह तर नक्कल होईल या धास्तीने त्या वाटेने सोडलाच जात नाही. मग उरतात दोन वाटा. एक एचडीएमआय, २००५ च्या १.२ आवृत्तीपासून तिच्यातून डीएसडी जाऊ शकतो. दुसरी, सहा आरसीए केबलींची जुनी अ‍ॅनालॉग जोडणी. एचडीएमआय जोडल्यावरही प्लेअरच्या मेनूत जाऊन ‘स्टीरिओ’ऐवजी ‘मल्टी’ निवडावं लागतं. रिसिव्हरच्या, म्हणजे सगळे स्पीकर चालवणाऱ्या अ‍ॅम्प्लिफायरच्या, पडद्यावर डीएसडी किंवा मल्टिचॅनल पीसीएम अशी अक्षरं उमटली की समजायचं, आवाज पोचला.

रिसिव्हर डीएसडीचं पीसीएम करतो म्हणून काहीजण नाराज होतात. मी होत नाही. स्पीकरांच्या अंतराचा आणि बासचा (कोणता खर्ज सबवूफरकडे वळवायचा याचा) हिशेब बहुतेक रिसिव्हरना पीसीएममध्येच करता येतो, आणि आपल्या हॉलमध्ये तो हिशेब लागतोच. सहा केबलींच्या वाटेने आलात तर बऱ्याच रिसिव्हरमध्ये तो गाळला जातो. मग प्लेअरच्या मेनूत भरावा लागतो.

आपला हॉल म्हणजे साधारण दहा बाय चौदा फूट, साडेनऊ फूट उंची, काँक्रीट, टाइल्स आणि गॅलरीचं काचेचं सरकतं दार. ताबा घेतलेला रिकामा फ्लॅट आठवा, टाळी वाजवली की कशी रेंगाळते. आवाजाचा दहा टक्क्यांच्या आतच भाग शोषणाऱ्या अशा खोलीत, समजा तीनच टक्के शोषला गेला, तर सेबाइन यांच्या सूत्राने घुमारा विरायला जवळपास तीन सेकंद लागतात. त्या घुमाऱ्यात अ‍ॅमस्टरडॅमच्या भिंती कुठून ऐकू येणार? हे सूत्र वॉलेस सेबाइन यांना १८९५ नंतरच्या काळात हार्वर्डमध्ये गवसलं. एका व्याख्यानाच्या दालनात बोललेलं काही कळेना, म्हणून त्यांनी शेजारच्या नाट्यगृहातल्या खुर्च्यांच्या गाद्या रात्री उचलून आणल्या आणि गाद्या वाढतात तसा घुमारा किती कमी होतो ते मोजलं. आपल्याकडे गाद्यांना तोटा नाही. जाड पडदे, जमिनीवर सतरंजी, बाजूच्या भिंतीला पुस्तकांचं कपाट, एवढ्याने फार फरक पडतो आणि खर्चही मोठा नाही.

मग मांडणी. आंतरराष्ट्रीय शिफारस अशी: पाचही स्पीकर ऐकणाऱ्यापासून सारख्या अंतरावर, समोरचे दोन मध्यापासून ३० अंशांवर, मागचे १०० ते १२० अंशांवर. म्हणजे मागचे खरं तर बाजूचे, जरासे मागे सरकलेले. आपल्याकडे सोफा भिंतीला चिकटलेला आणि मागचा स्पीकर कानाशी. आवाज एका मिलिसेकंदात ३४ सेंटिमीटर जातो. मागचा स्पीकर दीड मीटर जवळ असेल तर त्याचा आवाज चारेक मिलिसेकंद आधी पोचतो, आणि कान आधी आलेल्या आवाजाची दिशा धरतो. सगळी मैफल त्या कोपऱ्यात ओढली जाते. रिसिव्हरमध्ये टेप लावून मोजलेली अंतरं भरा. जवळच्या स्पीकरला तेवढं थोपवून धरणं हे त्याचं कामच आहे. सोफाही फूटभर पुढे घ्या, कारण भिंतीलगत खर्ज फुगतो.

खर्जाचं दुखणं सगळ्यात हट्टी. चौदा फूट लांबीत ४० हर्ट्झचा आणि दहा फूट रुंदीत ५६ हर्ट्झचा सूर खोलीशी जुळून भरमसाट वाढतो, काही ठिकाणी मात्र पार नाहीसा होतो. काँक्रीटच्या भिंती त्याला बाहेर जाऊ देत नाहीत. स्लॅबमधून थरथर मात्र खालच्या मजल्यावर पोचते, म्हणून सबवूफरखाली जाड रबर हवंच. त्याची जागा शोधायची युक्ती अशी: सबवूफर उचलून सोफ्यावर, आपण बसतो तिथे ठेवा, चढउतार असलेला खर्ज लावा आणि भिंतीकडेने वाकून फिरत ऐका. जिथे सगळे सूर सारखे ऐकू येतील, ती सबवूफरची जागा. देणारा आणि ऐकणारा यांच्या जागा बदलल्या तरी दोघांमधली आवाजाची वाट तीच राहते, ध्वनिशास्त्राच्या या नियमावर ती युक्ती चालते.