अबुजा कुंभारकाम केंद्र

अबुजा कुंभारकाम केंद्र : मध्य नायजेरियात ब्रिटिश वसाहत सरकारने १९५०च्या दशकाच्या आरंभी काढलेली प्रशिक्षणशाळा. अबुजा हे नाव पुढे देशाच्या नव्या राजधानीला दिले गेले. केंद्र ज्या जुन्या गावात होते ते आज सुलेजा म्हणून ओळखले जाते.

केंद्र उभारले इंग्रज कुंभार मायकेल कार्ड्यू (१९०१–८३) यांनी. इंग्लंडमधल्या सेंट आइव्ह्जला नामवंत कुंभार बर्नार्ड लीच यांच्या हाताखाली शिकलेले कार्ड्यू १९४२ ते १९४८ गोल्ड कोस्टमध्ये, म्हणजे आजच्या घानात, होते. नायजेरियात त्यांचा हुद्दाच ‘पॉटरी ऑफिसर’ असा होता. आसपासची माती, दगड नि राख तपासून झिलई (भाजल्यावर काचेसारखा होणारा लेप) तयार करणे, चाकावर भांडी घडवणे आणि लाकडाच्या भट्टीत ती सुमारे १३०० अंश सेल्सिअसपर्यंत भाजणे हे तिथे शिकवत. सुरुवातीला शिकणारे सगळे पुरुष. भोवतालच्या ग्वारी (ग्बाग्यी) समाजात मात्र कुंभारकाम बायकांचे, आणि तेही चाकाविना. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी चाक कुंभाराचे आणि कुंभारणीकडे बाकीची कामे, त्याच्या हे अगदी उलट. याच मध्य नायजेरियात नोक या प्राचीन संस्कृतीच्या भाजक्या मातीच्या मूर्ती दोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वी घडल्या होत्या. तिथे कुंभारकाम शिकवायला अधिकारी नेमावा, हे वसाहतीच्या कारभारालाच सुचू शकते.

लादी क्वाली (सुमारे १९२५–८४) १९५४ मध्ये केंद्रात आल्या. तिथल्या त्या पहिल्या स्त्री. हौसा भाषेत लादी म्हणजे रविवारी जन्मलेली, तर क्वाली हे त्यांचे गाव. अबुजाच्या अमीरांच्या (तिथल्या राज्यकर्त्यांच्या) वाड्यातले त्यांचे घडे कार्ड्यूंनी आधीच पाहिले होते. घडा जागेवरच राही. त्या त्याच्याभोवती फिरत मातीच्या वळ्या चढवत आणि ओल्या अंगावर सरडे, साप, विंचू कोरत. केंद्रात आल्यावर याच घड्यांवर झिलई चढली आणि ते लंडनच्या दालनांत पोचले. १९६२ मध्ये त्यांना एमबीई हा ब्रिटिश किताब मिळाला, १९७७ मध्ये अहमदू बेल्लो विद्यापीठाची मानद डॉक्टरेट. नायजेरियाच्या वीस नायराच्या नोटेच्या मागे त्यांचे चित्र आहे.

या कीर्तीची किंमत घड्याने मोजली. उघड्या जाळात भाजलेला घडा पाझरतो, म्हणून त्यातले पाणी गार राहते. माठ वापरणाऱ्याला हे वेगळे सांगायला नको. झिलई आणि कडक भाजणी ही छिद्रे बुजवते. घडा टिकाऊ झाला, प्रदर्शनाजोगा झाला, पण पाणी गार करण्याचा गुण गेला. क्वालींच्या कामाविषयीची चर्चा बरीच वर्षे कार्ड्यूंच्या कौतुकात अडकली. हा फरक त्यात क्वचितच येई.

नैरोबीत १९५० मध्ये जन्मलेल्या आणि इंग्लंडमध्ये शिकलेल्या मृत्तिकाकलाकार मॅग्डालीन ओडुंडो १९७०च्या दशकात अबुजाला आल्या. क्वालींकडून त्यांनी हाताने घडवण्याची रीत उचलली. झिलई मात्र घेतली नाही. त्या पात्राला पातळ मातीचा लेप देतात आणि घोटून घोटून तकाकी आणतात. भट्टीत हवा मोकळी ठेवली की रंग केशरी येतो, कोंडली की काळा. २०२२ मध्ये लंडनच्या टू टेंपल प्लेस येथे कृष्णवर्णीय स्त्रियांच्या मृत्तिकाकलेचे प्रदर्शन भरले, तेव्हा त्याचा आरंभबिंदू क्वालींचे घडे होते.